कार्यक्रमात काय द्यायचं? मराठवाड्यातल्या व्यावसायिकांसाठी भेटवस्तू निवडण्याची सविस्तर पद्धत

भेटवस्तू फसली की जमली, हे कार्यक्रम संपल्यावर हॉल झाडणाऱ्याला विचारावं. खुर्च्यांखाली काय राहतं ते त्याला पाठ असतं: काचेची जड सन्मानचिन्हं, पुठ्ठ्याचे फोल्डर, कंपनीचं नाव ठळक छापलेल्या पण चालत नसलेल्या पेनांचे डबे. जे घरी जातं त्यातलंही बरंच माळ्यावर पडतं, आणि सत्काराची शाल तर पुढच्या तीन सत्कारांना फिरून येते.

जालन्यात बियाण्यांची डीलर मीट असो, वाळूजला व्हेंडर मीट, लातूरला नव्या शोरूमचं उद्घाटन की परभणीत शेतकरी मेळावा, निवडीचं काम कॅटलॉग उघडण्याआधी सुरू होतं. वस्तू घेणाऱ्याच्या हातातून मागे मागे येत ठरवावी. कंपनीच्या लोगोपासून सुरुवात केली की फोल्डरच हाती लागतो.

आधी पाहुणा नीट समजून घ्या

पहिली गोष्ट, माणूस कशाने येणार आहे. अंबडहून किंवा अहमदपूरहून एसटीने येणारा दुकानदार एक किलोच्या आतलं आणि खांद्याच्या पिशवीत मावणारं काहीही आनंदाने नेतो. मोटारसायकलवर येणारा पेटी हँडलला अडकवतो, म्हणून खोक्याला नुसता रिबनचा बंद चालत नाही, दोरीचं पक्कं कडं लागतं. कारने येणाऱ्याला वजनाची अडचण नाही, पण मे महिन्यात बंद डिकीत ठेवलेलं चॉकलेट, मेणबत्ती आणि पेढे संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या भागात हा विचार आधी करायचा.

दुसरी गोष्ट, वस्तू घरात कोण वापरणार. डीलर स्वतः टेबलावर ठेवणार असेल तर एक हिशोब, आणि ती स्वयंपाकघरात जाणार असेल तर वेगळाच. स्वयंपाकघरातल्या वस्तूचं आयुष्य लहान, पण तिची चर्चा घरभर होते. टेबलावरच्या वस्तूला जागा मिळेलच असं नाही, तिथे आधीच चार कंपन्यांची कॅलेंडरं असतात.

तिसरी गोष्ट मोजणीची. मराठवाड्यात दुकानदार एकटा क्वचित येतो. सोबत मुलगा येतो, भाऊ येतो, कधी मुनीमजी येतात. म्हणून निमंत्रणाआधीच ठरवून टाका, भेट दुकानागणिक एक की माणसागणिक एक. ठरवलं नाही तर दारात टेबलावरचा मुलगा ठरवतो, आणि एका फर्मला तीन, दुसरीला एक असं झालं की वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. महागाची वस्तू दुकानागणिक ठेवावी, सोबतच्यांसाठी चटणीची पुडी किंवा चिक्कीसारखं छोटं काही वेगळं. ड्रायव्हर मंडळींचाही आकडा धरावा.

बजेट: वस्तूची किंमत म्हणजे भेटीची किंमत नव्हे

२५० पाहुणे आहेत, वस्तू १८० रुपयांची आहे, म्हणून खर्च ४५,००० असं कागदावर दिसतं. खरा हिशोब असा मांडावा: वस्तू १८०, खोका आणि आतलं पॅकिंग २५, लोगो छपाई १५, वाहतूक ८, माहितीचं कार्ड ६. एका नगाला २३४ रुपये. त्यात १५ नग जादा धरा, कारण तुटफूट, ऐनवेळचे पाहुणे आणि नमुना म्हणून ठेवायचे दोन यांत तेवढे जातातच. २६५ नगांचे झाले ६२,०१०, जीएसटी वेगळा.

हा फरक आधी दिसला नाही की शेवटी कापलं जातं ते पॅकिंग आणि कार्ड. मग चांगली वस्तू रद्दी पिशवीत जाते. पैसे कमी असतील तर वस्तू लहान करा, पॅकिंग नको. १०० ग्रॅम उत्तम हळद नीट डब्यात दिलेली, अर्धा किलो साधारण हळदीपेक्षा लक्षात राहते.

आपल्या भागात काय मिळतं

खाण्याच्या वस्तूंपासून सुरू करू, कारण तिथे मराठवाडा श्रीमंत आहे आणि लोकांना ते नीटसं माहीत नाही. भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाचीच खास वस्तू अशी सरकारी नोंद) मिळालेली यादीच बरीच मोठी आहे: हिंगोली जिल्ह्यातली वसमतची हळद, लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची पटडी चिंच आणि कास्तीची कोथिंबीर, जालन्याची दगडी ज्वारी आणि मोसंबी, धाराशिव जिल्ह्यातला कुंथलगिरीचा खवा, बीडचं सीताफळ, मराठवाडा केसर आंबा. यातलं सगळं भेट म्हणून चालत नाही. कोथिंबीर आणि सीताफळ वाटेतच संपतात, आणि खव्याचे पेढे सकाळी आणून दुपारी वाटायचे असतील तरच घ्यावेत, उन्हाळ्यात नकोच.

भेट म्हणून सगळ्यात भरवशाच्या हळद, डाळ आणि चटण्या. एक चांगला संच असा होतो: वसमतची हळद १०० ग्रॅम, बोरसुरीची डाळ अर्धा किलो, कारळाची किंवा जवसाची चटणी १०० ग्रॅम. पॅकिंगसह वजन किलोच्या आत राहतं. तिन्ही घरी संपतात.

हळद घेताना सोपी चाचणी करावी. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर हळद टाका, ढवळू नका. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर रंग मिसळल्याचा संशय घ्या. ही प्राथमिक तपासणी आहे. मोठी ऑर्डर असेल तर पुरवठादाराकडून त्या लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. हळद पारदर्शक पाकिटात घेऊ नये, उजेडाने रंग उतरतो. एक चूक फार होते: हळद आणि पांढरा खादी रुमाल एकाच खोक्यात. पाकिटाच्या शिवणीतून थोडी जरी पूड गळली तरी रुमाल गेला. हळद डब्यात, डबा परत पिशवीत, आणि कापड निराळ्या कप्प्यात.

चटण्यांत काय बिघडतं? खवटपणा. शेंगदाणा, जवस, कारळ तिन्हींत तेल आहे. कुटल्यावर तेलाला हवा लागते आणि वास बदलायला लागतो, उन्हाळ्यात लवकर. म्हणून ऑर्डर महिनाभर आधी द्या, पण चटणी कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यातच कुटून घ्या. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय पॅक करू देऊ नका. गरम पॅक केलं की आत वाफ धरते आणि बुरशी येते. लसणाचं आधी विचारा. व्यापारी वर्गात जैन मंडळी बरीच असतात, त्यांच्यासाठी बिनलसणाची वेगळी पाकिटं आणि वेगळ्या रंगाचं लेबल करावं. डबे उघडून शोधत बसायला लावू नये.

डाळीचा हंगाम लक्षात ठेवा. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते. पावसाळ्यात जुन्या डाळीला किडे लागतात, म्हणून जुलै-ऑगस्टच्या कार्यक्रमाला डाळ द्यायची असेल तर हवाबंद पाकिटातली घ्या आणि प्रत्येक पोत्यातून दोन-चार पाकिटं उघडून बघा. ज्वारी द्यायची तर दाणाच द्यावा. पीठ काही आठवड्यांत कडवट लागायला लागतं, आणि मग बोल लागतो तो तुमच्या कंपनीला.

खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, बनवणाऱ्याचा पत्ता आणि शाकाहारीची हिरवी खूण असलीच पाहिजे. बाहेरच्या सुंदर खोक्यावर लिहिलंय म्हणून आतली पाकिटं कोरी ठेवून चालत नाही. घरी गेल्यावर खोका फेकला जातो, पाकीट राहतं. बचत गटाकडून घेत असाल तर नोंदणीचा क्रमांक त्यांच्याकडे आहे का ते आधी विचारा. नसेल तर नोंदणीला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा.

कापड: हिमरू, पैठणी, खादी, गोधडी

इथे खोटेपणाला सगळ्यात जास्त वाव आहे, म्हणून थोडं थांबून पाहू.

हिमरू ही छत्रपती संभाजीनगरची ओळख. ताणा (उभे धागे) सुती, बाणा (आडवे धागे) रेशमी, आणि नक्षीसाठी जादा बाणा. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्यासोबत ही विणकला इकडे आली असं सांगतात. हातमागावर विणणारे आज मोजकेच उरले आहेत. बाजारात हिमरू नावाने मिळणाऱ्या बऱ्याच शाली यंत्रमागावरच्या असतात. बरेच जण शाल उलटी करून मागचे मोकळे धागे बघतात आणि हातमागाची म्हणून घेतात. ही खूण पुरेशी नाही. जादा बाण्याची नक्षी यंत्रमागावर केली तरी मागे धागे दिसू शकतात. भरवसा एकाच गोष्टीचा: माग बघा, विणकराशी बोला, महिन्याला किती शाली निघतात ते विचारा. १५ दिवसांत ३०० शाली देतो म्हणणारा माणूस हातमागाची शाल देत नाहीये, एवढं गणित पक्कं.

पैठणीची परीक्षा तुलनेने सोपी. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, कारण रंगांचे धागे एकमेकांत गुंतवून विणलेले असतात. यंत्रमागाच्या नकलेत मागे कापलेले किंवा लोंबते धागे दिसतात. रेशीम आहे का हे बघायला काठाच्या टोकाचा एक धागा जाळा: रेशमाला जळत्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. शुद्ध रेशमाची ‘सिल्क मार्क’ ही खूण असेल तर उत्तम.

आता थोडं स्पष्ट बोलायला हवं. दोन-तीनशे रुपयांची ‘पैठणी पर्स’ हातमागाच्या पैठणीची असू शकत नाही. ती यंत्रमागाच्या कापडाची असते, आणि तशी द्यायला काहीच हरकत नाही. दिसते छान, बायका वापरतात. फक्त तिच्या कार्डावर ‘पैठणी नक्षीच्या कापडाची’ एवढंच छापा. ‘अस्सल पैठणी’ छापलंत आणि पाहुण्याच्या घरी पैठणची माहेरवाशीण निघाली तर तुमची परीक्षा तिथेच होते. खरी हातमागाची हवी असेल तर नग लहान करा: पैठणी काठाची पुस्तकखूण, किंवा तळहाताएवढा विणलेला मोर हलक्या लाकडी चौकटीत, काचेशिवाय. अशी वस्तू २५० जणांना नको, वरच्या वीस डीलरांना द्यावी.

मानांकनाचं चिन्ह आपल्या खोक्यावर छापण्याचा मोह होतो. ते चिन्ह आणि नाव वापरायचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्याला असतो. पुरवठादाराकडे नोंदणी आहे का ते कागदावर बघा, नसेल तर चिन्ह नको.

खादीचा टॉवेल, पंचा किंवा उपरणं हा आपल्या उन्हाळ्यातला सगळ्यात शहाणा पर्याय. नांदेड आणि उदगीरकडे खादीची जुनी परंपरा आहे, नांदेडच्या खादी समितीचे तिरंगे देशभर जातात. उपरणं साधारण दोन मीटर लांब असावं, म्हणजे डोक्याला गुंडाळून खांद्यावर टोक उरतं. पांढरं किंवा फिकट रंगाचं. नमुना दोनदा धुवून मोजा: सुती कापड आटतं, आणि दोन मीटर सांगून घेतलेलं उपरणं धुण्यानंतर दोन मीटर उरत नाही. रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. लोगो एका कोपऱ्यात चार सेंटिमीटरचा, भरतकामात. पाठभर लोगो छापलेलं उपरणं शेतातच वापरलं जातं, लग्नात नाही.

गोधडीकाम करणाऱ्या बायकांकडून लॅपटॉप पिशवी, टेबलमॅट करून घेता येतात. प्रत्येक नग वेगळा येणार हे आधीच मान्य करा. रंग जुळत नाही म्हणून माल परत करणाऱ्याने गोधडीच्या वाटेला जाऊ नये.

बिदरीचं थोडक्यात. बीदर कर्नाटकात आहे, पण निजामाच्या राज्यापासून हा प्रदेश एकमेकांशी जोडलेला, आणि छत्रपती संभाजीनगरातही बिदरी मिळते. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचं जडावकाम आणि मातीने आणलेला काळा रंग. परदेशी पाहुण्याला देण्यासारखी वस्तू. सोबत एकच सूचना छापा: चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावू नका, कोरड्या कापडाने पुसा, कधीमधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

शेतकरी मेळाव्यासाठी वेगळा विचार

शेतकऱ्याला फुलदाणी देऊ नये, ती शेवटी मोडीत विकली जाते. त्याच्या कामाच्या वस्तू स्वस्तही असतात. पारदर्शक पर्जन्यमापक हा त्यातला सर्वोत्तम, आणि तो फार कमी लोक देतात. सोबतच्या कार्डावर एक ओळ छापा: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे ४,००० लिटर पाणी. माणूस दोन पावसाळे ते कार्ड भिंतीवरून काढत नाही, आणि तुमचं नाव तिथेच राहतं. मापक झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला लावू नये हेही त्याच कार्डावर लिहा.

फवारणीच्या औषधासाठी मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापपात्र आणि हातमोजे हीही चांगली जोडी. मापपात्रावर ‘फक्त औषधासाठी’ असं ठळक, न पुसणारं छापून घ्या, नाहीतर ते स्वयंपाकघरात जातं.

रोपं द्यायची पद्धत हल्ली फार आहे. एप्रिल-मेमध्ये दिलेलं रोप टँकरच्या गावात जगत नाही. मृगानंतर, पाऊस पडता झाल्यावर द्या, आणि एसटीत मांडीवर ठेवता येईल अशा छोट्या पिशवीतलं द्या. बियाण्यांची पाकिटं देणार असाल तर वापराची अंतिम तारीख आणि उगवणक्षमता पाकिटावर असावी. मागच्या हंगामाचं उरलेलं बियाणं भेट म्हणून वाटणं हा बियाण्याच्या व्यापारात स्वतःच्या पायावर धोंडा.

काय टाळावं, आणि का

पद्मपाणीचं चित्र छापलेले कोस्टर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं ते चित्र बोधिसत्त्वाचं आहे. त्यावर चहाचा कप ठेवायला लावणं हे कुणाच्याही श्रद्धेला लागणारं आहे, आणि मराठवाड्यात तर निश्चितच. वेरूळच्या कैलास लेण्याचं चित्र पायपुसणीवर, पिशवीवर नको, हाच न्याय तिथेही. अजिंठा हवंच असेल तर छतांवरची फुलापानांची नक्षी घ्या. ती सुंदर आहे, कुणाला खटकत नाही, आणि हिमरूच्या नक्षीशीही तिचं नातं सांगितलं जातं. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला मानांकन आहे म्हणून ती गिफ्टच्या खोक्यात घालू नये. ती भक्त गळ्यात घालतात, लोगोशेजारी ठेवायची वस्तू नव्हे.

‘कापडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्या प्लॅस्टिकच असतात. पर्यावरणावर भाषण देऊन त्या वाटल्या की विरोधाभास पहिल्या रांगेतल्या माणसाला दिसतो. खरी सुती पिशवी शिवून घ्या, किंवा खोक्यालाच कडं लावा.

स्वस्त पॉवर बँक, भारतीय मानक ब्युरोची खूण नसेल तर, नकोच. उन्हात गाडीत राहिली की फुगते. तांब्याच्या बाटल्या खूप झाल्या, त्यातून ताक किंवा लिंबूपाणी पिऊ नये हे कुणी सांगत नाही.

वेळापत्रक: मागून मोजा

हातमागाची किंवा हातकामाची वस्तू असेल तर कार्यक्रमाच्या ६० दिवस आधी नग ठरवून नमुना मागवा. ४५ दिवस आधी ऑर्डर आणि आगाऊ रक्कम. ३० दिवसांवर पहिला लॉट बघून या, सगळा माल शेवटी एकदम घेऊ नका. २० दिवसांवर खोके आणि छपाई, १० दिवसांवर भरणी, ३ दिवसांवर माल हॉलजवळच्या कोरड्या खोलीत. साध्या छापील वस्तूला २५ दिवस पुरतात.

या तारखांवर मराठवाड्याचं पंचांग ठेवून बघा. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी. बचत गटातल्या बायका शेतात असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दिवाळीचा माल द्यायचा असेल तर डाळ-हळद ऑगस्टअखेर सांगून ठेवा. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आणि ईदला शहरातले बरेच माग आणि भरतकामाची दुकानं बंद असतात. एप्रिल-मेमध्ये छापखान्यात लग्नपत्रिकांची गर्दी, तुमचं कार्ड रांगेत शेवटी.

पैशांबद्दल: विणकराला आणि गटाला निम्मी रक्कम आगाऊ द्याच, कच्चा माल घ्यायला त्यांच्याकडे भांडवल नसतं. उरलेली माल तपासून घेतल्या दिवशी. नोंदणी झालेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. साठ दिवसांची उधारी मागणाऱ्याला पुढच्या वर्षी चांगला माल मिळत नाही, हा कायद्यापेक्षा जुना नियम.

नमुना आणि छपाई

नमुने दोन घ्या. एक वापरून बघा, दुसरा सही करून पाकिटात बंद ठेवा. माल आला की पाचवा-दहावा नग त्या बंद नमुन्याशेजारी ठेवून तपासा: वजन, माप, रंग, शिवण. नुसत्या आठवणीवर तपासणी केली की वाद होतो.

छपाईत सगळ्यात जास्त घोटाळे देवनागरीचे. छापखान्यातल्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो. उपाय साधा: फाईल देण्याआधी सगळी अक्षरं आकृतीत बदलून घ्या (डिझाइनर याला ‘कर्व्ह करणं’ म्हणतात), आणि पडद्यावर नाही तर कागदावर प्रूफ काढून दोन माणसांनी वेगवेगळं वाचा. पत्ते खास तपासा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी जुन्या फाईलीत जुनं नाव राहून जातं, आणि अर्ध्या खोक्यांवर एक, अर्ध्यांवर दुसरं असं छापून येतं.

लाकूड आणि स्टीलवर लेसरने कोरलेलं नाव टिकतं, स्क्रीन छपाई रोज धुतल्या जाणाऱ्या बाटलीवर उडून जाते.

कार्ड: चाळीस शब्द, त्यात एकही फुगा नको

स्थानिक वस्तू देऊन कार्ड न देणं म्हणजे निम्मी भेट हातातच ठेवणं. कार्डावर तीनच गोष्टी असाव्यात: हे काय आहे, कुणी केलं, कसं वापरावं. उदाहरणार्थ:

‘ही कारळाची चटणी निलंगा तालुक्यातल्या बचत गटातल्या बायकांनी उखळात कुटली आहे. कारळ, लसूण, मिरची, मीठ. दुसरं काही नाही. गरम भाकरीवर तेल सोडून खावी. झाकण घट्ट लावून ठेवा, महिन्याच्या आत संपवा.’

मिक्सरमध्ये केली असेल तर ‘उखळात’ हा शब्द काढा. कारागिराचं नाव किंवा फोटो छापायचा तर आधी विचारा, आणि छापून झाल्यावर त्याला एक कार्ड द्या.

करांचं

भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही, म्हणून बजेट करासकट मांडा. एका डीलरला वर्षभरात दिलेल्या भेटी आणि इतर लाभांचं एकूण मूल्य २०,००० रुपयांवर गेलं तर १० टक्के टीडीएसचा नियम लागू होतो. २०२२ पासूनचा हा नियम लोक अजून जुन्या कलमाच्या ‘१९४आर’ याच नावाने ओळखतात. सहल, सोन्याचं नाणं आणि दिवाळीचा खोका सगळं यात धरलं जातं, म्हणून डीलरनिहाय नोंद ठेवा आणि सीएला वर्षाअखेर नाही, आधी दाखवा. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर बंदी आहे, आणि सरकारी अधिकाऱ्यांना भेटी स्वीकारण्यावर सेवा नियमांची बंधनं आहेत. कार्यक्रमाला आलेल्या तहसीलदारसाहेबांना किंवा कृषी अधिकाऱ्यांना खोका हातात कोंबून अडचणीत आणू नये. गुलाबाचं फूल पुरतं.

वाटपाचा दिवस

भेट येताना देऊ नका, जाताना द्या. येताना दिली की ती खुर्चीखाली जाते, आणि जेवणाच्या वेळी निम्मा हॉल रिकामा होतो. नोंदणीच्या वेळी कूपन द्यावं, त्यावर फर्मचं नाव, आणि कूपन घेऊन भेट.

टेबलं किती लागतील ते मोजा. कूपन बघणं, नाव खोडणं, खोका देणं यात एका माणसाला साधारण १५ सेकंद लागतात. २०० माणसांना एकाच टेबलावर ५० मिनिटं. तीन टेबलं केली तर सतरा मिनिटांत दार मोकळं होतं. टेबलं जिल्ह्यानुसार लावा, नांदेड-परभणीवाले एकीकडे, बीड-जालना दुसरीकडे. लांबच्या गावांचं टेबल दाराजवळ ठेवा, त्यांना शेवटची एसटी गाठायची असते.

न आलेल्यांचे खोके त्याच संध्याकाळी फर्मच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला काढा आणि विक्री प्रतिनिधीबरोबर आठवड्याच्या आत पोचते करा. चटणी असेल तर दोन-तीन दिवसांत. नाव न घालता गोदामात ठेवलेले खोके पुढच्या वर्षी कुणाला तरी दिले जातात, आणि त्यातल्या चटणीवरची तारीख तो माणूस वाचतो.